भाजी कधी चिरली ते पाकिटावर छापा

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

मागच्या रविवारच्या पुरवणीत घरपोच येणाऱ्या मील किटवर लेख आला होता, म्हणजे निवडलेली-चिरलेली भाजी, मोजून दिलेला मसाला, छोट्या छोट्या पुड्या आणि रेसिपीचा कागद असं सगळं एका डब्यात येतं ते. लेख चांगला होता, पण त्यात वेळ किती वाचतो, ऑफर काय चालू आहे आणि ॲपला स्टार किती एवढंच होतं, आत आलेली भाजी कशी असते यावर एक ओळ नव्हती, म्हणून हे पत्र लिहितोय. पत्र मोठं झालंय, जागा नसेल तर सुरुवातीचं कापा पण आकडे ठेवा.

मी अंबड एमआयडीसीत ३१ वर्षं क्वालिटीत काढली, त्यातली बरीच इनवर्ड इन्स्पेक्शनला, म्हणजे बाहेरून आलेला माल गेटजवळच मोजायचा, गेज लावायचा, बसला तर आत नाहीतर त्याच टेम्पोत परत. फेब्रुवारीत आमच्या मंडळींचा बाथरूममध्ये पाय घसरला, उजवं मनगट मोडलं आणि सहा आठवड्यांचं प्लास्टर आलं. घरात आम्ही दोघंच, मला चहा, खिचडी आणि पिठलं एवढंच येत होतं. डबा लावायचा विचार केला पण हिला बीपी आणि शुगर दोन्ही आहे, आणि डब्यात मीठ-तेल किती पडतं ते आपल्या हातात नसतं. दिवसाला माणसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ हवं असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, ५ ग्रॅम म्हणजे सपाट एक छोटा चमचा, आणि त्यात भाजी, आमटी, लोणचं, पापड सगळं धरून. म्हणून पुण्याहून मुलीने फोनवर किट चालू करून दिले. सहा आठवड्यांत तीन ठिकाणचे मिळून २७ किट आले आणि जुन्या सवयीने मी वही केली. प्रत्येक किट काट्यावर ठेवला, तारीख लिहिली, वास लिहिला.

तिन्ही ठिकाणांची नावं मी देत नाही, मला कोणाशी भांडायचं नाहीये. एक मोठं ॲपवालं, दुसरा नाशिकमधलाच दोन-तीन मुलांनी चालू केलेला धंदा ज्याची ऑर्डर व्हॉट्सॲपवर जाते, आणि तिसरा पाथर्डी फाट्याकडचा बायकांचा बचत गट.

पहिल्याच आठवड्यात ॲपवाल्यांकडून मेथी आली. पाकीट देखणं, त्यावर सगळं छापलेलं, पॅकिंगची तारीख आदल्या दिवशीची आणि युज बाय अजून दोन दिवस पुढची. पण पाकिटाला आतून घाम आलेला, थेंब ओघळून खालच्या कोपऱ्यात हिरवट पाणी साठलेलं आणि पानांच्या चिरलेल्या कडा काळ्या. ही खुर्चीवर बसलेली, प्लास्टरचा हात उशीवर, म्हणाली अहो आधी नाक लावा पाकिटाला, मग कात्री लावा. नाक लावलं तर मेथीचा कडसर वास नाहीच, ओल्या गवताच्या ढिगासारखा कुबट वास. तिने डाव्या हाताने चिमूटभर उचलून बोटांत चोळली आणि सांगितलं की ही काल चिरलेली नाही, परवाची असेल नाहीतर त्याच्याही आधीची.

आता तारीख खोटी होती असं मी म्हणणार नाही. पॅकिंग खरंच आदल्या दिवशी झालं असेल. पण चिरली कधी? ते कुठेच नव्हतं. आमच्याकडे कास्टिंग यायचं तेव्हा ते खोक्यात कधी भरलं हे कोणी विचारत नसे, त्यावर हीट नंबर असायचा, म्हणजे धातू कुठल्या दिवशी कुठल्या भट्टीतून ओतला ते कळायचं, काही बिघडलं तर त्या नंबरवरून मूळ सापडायचं. भाजीच्या बाबतीत तो हीट नंबर म्हणजे चिरल्याची वेळ. मी ॲपच्या चॅटवर विचारलं तर उत्तर आलं की पॅकिंगची तारीख नियमाप्रमाणे छापलेली आहे. ते बरोबरच आहे, पण माझा प्रश्न तो नव्हता.

चिरल्याची वेळ एवढी का महत्त्वाची ते सांगतो कारण ते लेखात यायला हवं होतं. अख्खी भाजी तोडल्यावरसुद्धा जिवंत असते, श्वास घेत असते, साल तिला सांभाळते. सुरी लागली की पेशी फुटतात, रस बाहेर येतो, त्यातली एन्झाइम्स आणि हवा एकत्र आली की कडा तपकिरी व्हायला लागतात, सी व्हिटॅमिन उडायला लागतं, श्वास वाढतो म्हणून पाकिटात घाम धरतो, आणि त्या रसावर जंतूंना आयतं जेवण मिळतं. ते जंतू ५ ते ६० डिग्रीच्या मध्ये झपाट्याने वाढतात, म्हणून चिरलेली भाजी ५ डिग्रीच्या आत ठेवायची असते. मेथीची जुडी ओल्या फडक्यात गुंडाळली तर दोन दिवस आरामात निघते आणि सकाळी चिरलेली मेथी संध्याकाळी बघवत नाही, हे घराघरात माहीत आहे, फक्त किट घेताना आपण विसरतो.

मुलीने मला दाखवलं की हा प्रकार मुळात बाहेर सुरू झाला, स्वीडनमध्ये २००७ च्या सुमारास, मग २०११ मध्ये बर्लिनला हॅलोफ्रेश आणि २०१२ मध्ये न्यूयॉर्कला ब्लू एप्रन. पण तिकडच्या डब्यात बहुतेक भाजी अख्खी असते! दोन गाजरं, एक कांदा, लसणाच्या पाकळ्या, असं मोजून देतात आणि चिरायचं घरी. तिकडे मोजमापाची आणि काय करायचं हे ठरवायची कटकट वाचवायची होती. आपल्याकडे वेळ जातो तो निवडण्यात आणि चिरण्यात, गवार मोडत बसा, मेथी निवडत बसा, नारळ खवा, त्यामुळे इथे किट म्हटला की चिरलेलाच लागतो, आणि जे सगळ्यात लवकर बिघडतं तेच आपण दुसऱ्यावर सोपवतो. म्हणून तिकडची पद्धत जशीच्या तशी उचलून चालणार नाही.

मग मी तिघांकडून एकाच दिवशी एकच भाजी मागवली, फ्लॉवर-बटाट्याचा रस्सा, दोन माणसांचा. लेखात तुलना होती ती वेगवेगळ्या दिवशी वेगवेगळ्या पदार्थांची, त्यातून काही कळत नाही, एकाकडचं पनीर आणि दुसऱ्याकडची डाळ यात काय बघणार. ॲपवाल्यांच्या फ्लॉवरवर २५० ग्रॅम लिहिलेलं, काट्यावर २५२ भरला, वजन चोख. पण तुऱ्यांच्या टोकांवर तपकिरी ठिपके, आणि मी तुरे आणि दांडे वेगळे करून मोजले तर ९६ ग्रॅम नुसते जाड दांडे. आपण घरी दांडा घालत नाही असं नाही, कोवळा घालतोच, पण हा चाकूला दाद देत नव्हता. दुसऱ्यांचा फ्लॉवर पांढराशुभ्र पण ओला, पाकिटात पाणी, छापलेलं २५० आणि निथळून मोजला तर २१४. फरसबीलाही तेच झालं होतं, ३५० छापलेलं, निथळून २९० च्या जवळ. धुतलेली भाजी नीट न निथळता भरली की वजनही फुगतं आणि भाजीही लवकर सडते, एका पाण्याने दोन नुकसानं होतात. मी फोटो पाठवले तर पुढच्या ऑर्डरवर ५० रुपयांचं कूपन आलं. कूपन नको होतं मला, निथळायला चाळणी घ्या एवढंच म्हणणं होतं.

बचत गटाच्या पिशवीवर काहीच छापलेलं नव्हतं. वजन भरलं २७० ग्रॅम, तुरे घट्ट, मोडले की कट्कन आवाज येणारे, आणि एका तुऱ्यात अळी निघाली. मी लगेच वहीत रिजेक्ट लिहायला गेलो तर हिने थांबवलं. म्हणाली अळी निघाली तर कोमट मिठाच्या पाण्यात टाका, सगळ्या वर येतात, आई पण तेच करायच्या. आणि तसंच झालं, दहा मिनिटांत पाण्यावर अजून दोन आल्या, फ्लॉवर धुऊन शिजवला, रस्सा त्या दिवशीचा सगळ्यात चांगला तोच झाला. अळी नकोच, पण अळी दिसते आणि धुता येते, शिळेपणा धुता येत नाही.

मसाल्यात मात्र दुसऱ्यांचा हात धरणारं कोणी नाही हे प्रामाणिकपणे सांगायला पाहिजे. त्यांचा काळा मसाला खरंच घरच्यासारखा, खोबरं नीट भाजलेलं, कांदा करपलेला नाही. ॲपवाल्यांच्या तयार मसाल्यात मीठ आधीच मिसळलेलं होतं आणि रेसिपीत वरून पुन्हा "चवीनुसार मीठ". पाकिटामागे सोडियमचा आकडा असतो, त्याला अडीचने गुणलं की मीठ कळतं. मी हिशोब केला तर एका पाकिटात जवळजवळ ३ ग्रॅम मीठ निघालं, म्हणजे एका वेळच्या एका भाजीत दोघांना दीड-दीड ग्रॅम, वरून घातलेलं वेगळंच. डबा नको म्हणून किट घेतला तो मिठासाठी, आणि मीठ पाकिटातच बसलेलं. बीपीवाल्या घरांनी हे नक्की बघा, आणि रेसिपी छापणाऱ्यांनी तिथे स्पष्ट लिहा की मसाल्यात मीठ आहे.

एक किट मात्र आम्ही उघडला आणि तसाच टाकला. मोड आलेली मटकी, उसळीसाठी. मार्चचा शेवटचा आठवडा, दुपारी सव्वादोनला मुलगा घेऊन आला, बिचारा घामाघूम, पाठीवरच्या बॅगेत बर्फाची पिशवी होती पण तिचं कोमट पाणी झालेलं. मी स्वयंपाकघरातला डिजिटल थर्मामीटर पाकिटात खुपसला तर २६ डिग्री. मटकीला तार सुटलेली, चमच्याने उचलली तर दोरा येत होता, वास आंबूस. कडधान्याला मोड येतात ते ओलाव्यात आणि उबेत, आणि जंतूंनाही नेमकं तेच लागतं, म्हणून मोड आलेलं धान्य कच्च्या मालातलं सगळ्यात नाजूक. आपण नाशिककर मिसळीच्या गावचे, मटकीची तार कोणाला शिकवायला नको, पण एकटा राहणारा पोरगा असेल, म्हसरूळकडच्या हॉस्टेलवर असेल, त्याने पाकिटावर अजून एक दिवस बाकी आहे बघून ती शिजवली असती. तारीख बरोबर आणि माल खराब हे होतं ते असं, तारीख ५ डिग्रीच्या हिशोबाने लावलेली असते आणि पाकीट तासभर उन्हात फिरून येतं. त्या मुलाचा यात काही दोष नाही हेही लिहितो, त्याला स्टार कमी देऊ नका, त्याने काय फ्रिज पाठीला बांधायचा का.

आता बचत गटाचं दुसरं अंग. भाजी उत्तम, पण पहिल्या दोन वेळा पिशवीला स्टेपलची पिन मारलेली होती, आणि दुसऱ्या खेपेला ती पिन निसटून कोथिंबिरीत सापडली. मी माणूस क्वालिटीतला, माझा जीव खाली-वर झाला. कढीपत्ता आणि ओलं खोबरं वर्तमानपत्राच्या कागदात बांधलेलं, खोबऱ्यावर शाई उमटलेली. अन्न बांधायला वर्तमानपत्र वापरायचं नाही असं अन्नसुरक्षेच्या २०१८ च्या पॅकेजिंगच्या नियमांत सरळ लिहिलेलं आहे, छपाईच्या शाईतली द्रव्यं अन्नात उतरतात म्हणून. संपादक साहेब, हे तुमच्याच पेपरमधून छापून आलं तर लोक जास्त ऐकतील असं मला मनापासून वाटतं. बरं, त्यांचं अन्नसुरक्षेचं रजिस्ट्रेशनही नव्हतं. चौदा आकडी नंबर लागतो, लायसन्सचा असेल तर १ ने सुरू होतो आणि छोट्या धंद्याच्या रजिस्ट्रेशनचा असेल तर २ ने, आणि तो सरकारच्या फॉसकॉस साइटवर टाकला की खरा-खोटा कळतो. त्या ताईंना मी जाऊन भेटलो. सात जणी, पहाटे पावणेसहाला बसतात, एकीच्या पडवीत, खाली धुतलेली ताडपत्री, विळ्या उकळत्या पाण्यातून काढलेल्या, डोक्याला रुमाल, गवार मोडताना कडक शेंग बाजूला टाकतात. भाजी मखमलाबादकडून एका शेतकऱ्याची रात्री येते. साडेदहापर्यंत सगळ्या पिशव्या घरोघर पोचलेल्या असतात, म्हणजे चिरल्यापासून माझ्या ओट्यावर यायला चार-साडेचार तास. त्यांना फ्रिजची गाडी परवडत नाही, म्हणून त्या उन्हाच्या आधी उरकतात. हे तंत्र आहे, गरिबी नाही.

आणि तिकडे ॲपवाल्यांच्या पाकिटावर पॅकिंगचा पत्ता भिवंडीकडचा. आपल्या गिरणाऱ्यापासून दिंडोरीपर्यंतची भाजी रोज रात्री ट्रकने मुंबईला जाते, आणि नाशिकच्या माणसाने सव्वाशे-दीडशे किलोमीटरवरून चिरून आलेली मेथी खायची. ज्या गावात बुधवारी गोदाघाटावर भाजीचा एवढा बाजार भरतो तिथे हे बघून वाईट वाटतं.

कचऱ्याबद्दल लेखात लिहिलं होतं की किटने अन्न वाया जात नाही म्हणून तो पर्यावरणाला चांगला. मिशिगन विद्यापीठाचा २०१९ चा एक अभ्यास आहे, त्यात किटचं जेवण दुकानातून सामान आणून केलेल्या जेवणापेक्षा कमी उत्सर्जनाचं निघालं होतं, मुख्य कारण मोजून दिल्यामुळे नासाडी कमी. पण ते अमेरिकेतल्या सुपरमार्केटशी तुलना करून. आपल्या घरात उरलेली मेथी थालीपिठात जाते, फ्लॉवरचा पाला गाईला जातो, आणि भाजीवाली पाव किलो सुटं देते. माझ्याकडे २७ किटांची रिकामी पाकिटं मोजली तर १८० च्या वर भरली, त्यातली साठेक तर नुसत्या चिमूटभर मोहरी-हळदीच्या पुड्या. हळद प्रत्येक घरात असते हो, ती कशाला पाठवता.

पैशांचं थोडक्यात सांगतो, ॲपवाले दोघांच्या भाजीला सरासरी १९० रुपये, दुसरे १६०, बचत गट ८० ते ९०, आणि तीच भाजी स्वतः आणून केली तर ४०-५० च्या आसपास. मेहनतीचे पैसे द्यायला माझी ना नाही, ताज्या भाजीला १९० पण दिले असते.

माझं मागणं एवढंच आहे की चिरलेली भाजी विकणाऱ्या प्रत्येकाने, मोठा असो की बचत गट, पाकिटावर चिरल्याची तारीख आणि वेळ टाकावी, आणि वजन निथळून केलेलं लिहावं. दुसरं, मराठीत लिहावं. नियमाने लेबल इंग्रजीत किंवा हिंदीत असलं की चालतं, इतर भाषा वरून घालायला बंदी नाही पण सक्तीही नाही, त्यामुळे कोणी घालत नाही. रेसिपीचा सुंदर रंगीत कागद येतो आणि तो इंग्रजीत, आमच्या हिने आयुष्यभर स्वयंपाक केला पण "सॉटे अंटिल ट्रान्सलुसंट" म्हणजे कांदा काचेसारखा दिसेपर्यंत परतायचा हे मला मुलीला फोन करून विचारावं लागलं. मराठीत एक ओळ लिहायला किती खर्च येतो. वजनात किंवा मालात फसवणूक वाटली तर ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे, आणि खराब अन्नाची तक्रार अन्न व औषध प्रशासनाकडे करता येते, पण पाकीट फेकू नका, फोटो काढा, काट्यावर ठेवून काढा, नुसतं "क्वालिटी बॅड" लिहून पुढे काही होत नाही.

आणि तुम्हाला एक विनंती. पुढच्या वेळी अशी तुलना छापाल तेव्हा कंपनीने पाठवलेले फुकट किट घेऊ नका, साध्या गिऱ्हाइकासारखे मागवा, एकाच दिवशी एकच भाजी, शक्य झालं तर एप्रिल-मेच्या दुपारी, आणि स्टार देण्याऐवजी हे छापा: चिरून किती तास झाले, आल्यावर किती डिग्री, निथळून किती ग्रॅम, दांडा किती. मी काटा आणि थर्मामीटर घेऊन यायला तयार आहे, रिकामाच असतो.

हिचं प्लास्टर निघालं, पण मनगटात अजून जोर नाही, फिजिओथेरपी चालू आहे, त्यामुळे आठवड्यातून तीन दिवस बचत गटाची भाजी घेतो. स्टेपल बंद झालं, रबर लावतात, कढीपत्ता केळीच्या पानात येतो, रजिस्ट्रेशनचा फॉर्म मी त्यांना भरून दिलाय. आज सकाळच्या पिशवीवर पांढरी पट्टी चिकटवलेली होती, त्यावर मार्करने लिहिलंय: गवार, २४० ग्रॅम, मोडली स. ६.५०. शेंग मोडून बघितली, दोरा निघाला नाही.

वहीची सगळी पानं स्कॅन करून सोबत जोडली आहेत. अक्षर लागलं नाही तर फोन करा, सकाळी अकरानंतर केव्हाही.

आपला,
एक निवृत्त क्वालिटी इन्स्पेक्टर
इंदिरानगर, नाशिक